सातवा ताव

३ एप्रिल

ए पोरी,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. मेलं असतं तर तुझ्या आत्यानं फोन केला असता, आणि तिचा फोन तू उचलतेस. माझा उचलत नाहीस ते एका परीनं बरंच. फोनवर माझा तोल जातो. कागदावर एकटीनं भांडता येतं, मध्येच "आजी, पुरे" म्हणायला कुणी नसतं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नाक मुरडू नकोस.

आत्या सांगत होती, तू मोटारसायकल घेतलीस. कोरी. लाल. तुझी आई दोन दिवस जेवली नाही म्हणे. तिचं काही चुकलं नाही. जिचा नवरा दुचाकीवरून गेला तिच्या पोरीनं बसनं फिरावं, जगात बसा कमी नाहीत. पण तू घेतलीस. बापावर गेलीस, त्यालाही नको म्हटलं की तेच हवं असायचं. आता घेतलीच आहेस तर तिचं सुरुवातीचं रनिंग नीट कर. शोरूमवाला चावी देतो, सोबत एक पुस्तक देतो, आणि ते पुस्तक सीटखाली म्हातारं होतं. म्हणून मी लिहिते.

कोरं इंजिन वरून गुळगुळीत दिसतं, आतून सगळं खरखरीत असतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासून घासून आपली जागा करतात. पहिल्या हजार किलोमीटरात जी जागा झाली ती झाली, पुढे जन्मभर तीच. म्हणून पहिल्या पाचशेपर्यंत मूठ अर्ध्याच्या वर पिळायची नाही. फार हळूही नाही, वरच्या गिअरला रखडत नेलीस तर जास्त त्रास होतो तिला. एकाच वेगानं तासभर जायचं नाही. थोडी वाढव, थोडी सोड, पुन्हा वाढव. सकाळी चालू करून उभी ठेवायची आणि आपण केस विंचरत बसायचं, हे अजिबात नाही. मागे कुणाला बसवू नकोस, मैत्रिणीला सांग चालत ये. पन्नास-साठ किलोमीटर झाले की थांब, इंजिनाला हात लावता येईल इतकं निवू दे, मग पुढे. आणि कोरे टायर पहिले काही दिवस घसरतात, वळणावर शहाणपणा करू नकोस.

आणखी एक. पहिलं तेल पाचशेला बदलायचं, पुस्तकात काही का लिहिलेलं असेना. त्या पहिल्या तेलात लोखंडाची कणी उतरते. ती किती उतरली, जाड की बारीक, हे चिमटीत धरून बघणारा माणूस लागतो. शोरूममधले बघत नाहीत, ओतून टाकतात. तुझ्या दारापासून आपल्या दारापर्यंत एकशे ऐंशी किलोमीटर आहेत. लग्नाआधी तुझा बाप उगाच तिकडे चकरा मारायचा, तेव्हा मोजले होते त्यानं. म्हणजे तीनशे वीस तिकडे फिरव आणि मग इकडे ये. बरोबर पाचशे भरतात.

मिस्त्री घरीच असतात. तुझ्या आजोबांना मी मिस्त्री म्हणते, सगळी गल्ली म्हणते. पाय गेलेत, खुर्चीत बसून असतात. बोटं अजून शाबूत आहेत. कान तर नको तितके शाबूत आहेत.

तू त्यांच्याशी तेरा वर्षं बोलली नाहीस. बोलायला नको येऊस. तेल बदलायला ये.

आजी


११ एप्रिल

पोरी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पोस्टमन मला बघून सायकलचा वेग वाढवतो हल्ली.

क्लचचं लिहायचं राहिलं होतं, म्हणून हे दुसरं. नवं इंजिन असेपर्यंत डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचच्या दांडीवर ठेवायची. दाबायची नाहीत, नुसती ठेवायची. हे पुस्तकात नसतं. हे आपल्या गॅरेजचं होतं. तुला आठवत असेल तर आठवत असेल, नसेल तर सांगते.

मिस्त्री इंजिन बांधायचे. घासलेलं सिलिंडर मोठं करून आणायचे, नवा पिस्टन, नव्या रिंगा घालायचे. घट्ट बसवायचे. सगळ्या गावात एवढं घट्ट कुणी बसवत नव्हतं. "सैल बसवलेलं लवकर चालतं आणि लवकर मरतं," म्हणायचे. बांधून झालं की गाडी मागच्या शेडमध्ये स्टँडवर चढायची, आणि पुढचं काम माझं. सात ताव. चालू करायचं, समोर टेबलफॅन लावायचा, कारण उभ्या गाडीला वारा कोण घालणार, रेस कमी-जास्त करत तापवायचं, मग बंद करून पूर्ण निवू द्यायचं. हा एक ताव. प्रत्येक ताव मागच्यापेक्षा जरा लांब. सातवा अर्ध्या तासाचा. सातवा म्हणजे परीक्षा. इंजिन जास्त घट्ट असेल तर सातव्यात धरतं, म्हणजे पिस्टन आत अडकून बसतो. शेडमध्ये, स्टँडवर, माझ्या समोर. कुणाचं काही जात नाही, मिस्त्री शिव्या देत पुन्हा उघडतात.

प्रत्येक तावानंतर दाराच्या आतल्या बाजूला खडूची एक रेघ. सात रेघा झाल्या की गाडी बाहेर. मिस्त्री मला कधी विचारत नव्हते, दाराला विचारायचे. आणि गाडी नेणाऱ्याला सांगायचे, "सात झालेत. आता क्लचवरची बोटं काढा आणि निवांत जा." हेच ऐकायला लोक दुसऱ्या गावांहून यायचे.

ती शेड बंद आहे. तुझ्या बापाची गाडी आत स्टँडवर आहे. आणली तशीच ठेवली, इंजिन उघडलं नाही. आत पिस्टन भिंतीला चिकटून बसलाय, किक खाली जात नाही.

आता जे लिहिते त्यावरून मला खुळी ठरवू नकोस, त्यासाठी आत्या पुरेशी आहे. गेल्या उन्हाळ्यापासून दुपारी ती गाडी चालू होते. भुतंबितं मी मानत नाही. आपल्या गल्लीत टेम्पो वळत नाही, भूत कुठून वळणार. मी म्हटलं पत्रा तापत असेल. पण तापलेला पत्रा रेस वाढवत नाही. चालू होते, बंद होते, मग गरम लोखंड निवताना करतं तसं टिक, टिक, टिक. मग पुन्हा चालू. भिंतीला स्वयंपाकघर लागून आहे, मला सगळं मोजता येतं. चार वाजेपर्यंत सहा वेळा. मग गप्प. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून.

मी कुणाला बोलले नव्हते. परवा मिस्त्रींना चहा दिला, तर कप तसाच धरून म्हणाले, "सहावा झाला वाटतं."

मी म्हटलं, "कसला सहावा?"

म्हणाले, "काही नाही. साखर कमी आहे."

साखर बरोबर होती.

आजी


१९ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चार ओळी. माझ्या किराण्याच्या यादीतही जास्त मजकूर असतो. तरी मी तीन वेळा वाचलं, कारण चष्मा नीट नाही.

"गाडी १४० झाली. तेल इथेच बदलेन. इंजिन धरतं तेव्हा आधी आवाज येतो का? बाबांना कळलं असेल का?"

येतो. आवाज जड होतो. आपण पीळ कमी केलेला नसतो आणि गाडी मागून कुणीतरी ओढल्यासारखी मंदावते. मग एक बारीक किंचाळी. या दोन्हींच्या मध्ये एक श्वास घेण्याइतका वेळ असतो. तेवढ्यात क्लच दाबला तर चाक मोकळं होतं, गाडी घरंगळत कडेला जाते, माणूस उतरतो, इंजिनाला शिव्या घालतो, घरी येतो. नाही दाबला तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं. पुढचं तुला माहीत आहे. मागून ट्रक होता.

तुझ्या बापाला कळलं असेल. मिस्त्रीचा मुलगा तो, लोकांच्या गाड्या गल्लीत शिरायच्या आधी नुसत्या आवाजावर ओळखायचा. पण त्याची बोटं क्लचवर नव्हती. मी तिथे नव्हते, तरी लिहून देते, नव्हती. सात झाल्यावर बोटं काढायची, हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. त्या दिवशी पहाटे निघताना त्यानं दार उघडलं, अंधारातच आतल्या रेघा मोजल्या, सात होत्या.

आता नीट वाच, मी हे दोनदा लिहिणार नाही.

त्यातली सातवी मी न करता ओढली होती.

त्याला दुसऱ्या दिवशी नव्या कामावर हजर व्हायचं होतं. लांबचा रस्ता होता. मिस्त्रींनी गाडी बांधून दिली, मी दिवसभर ताव दिले, सहा झाले. सातव्याच्या आधी मला झोप लागली. जाग आली तर मिस्त्री पुढच्या गॅरेजमधून ओरडत होते, "झाला का सातवा?" मी म्हटलं, "झाला." आणि रेघ मारली. म्हटलं, पहाटे उठून गुपचूप करू. तो माझ्याआधी उठला.

एवढंच आहे. तुझी आई अंगणात सगळ्यांसमोर मिस्त्रींना म्हणाली, "तुमच्या हातानं गेला तो." आणि मिस्त्री म्हणाले, "हो. पिस्टन माझ्याकडून घट्ट बसला." तू दहा वर्षांची होतीस, तिच्या पदराला धरून उभी होतीस, तू ते "हो" ऐकलंस आणि आजोबांकडे पाठ केलीस ती आजपर्यंत. मी तिथेच होते. खांबाला टेकून. ज्या बाईचं तोंड गल्लीत कुणाला बंद करता आलं नाही, तिचं त्या दिवशी आपोआप बंद झालं.

घट्ट तर ते नेहमीच बसवायचे. म्हणून तर सातवा होता.

तेव्हा म्हाताऱ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण कारण बदलून घे. आणि आईलाही दाखव हे. तिच्या शिव्या तेरा वर्षं चुकीच्या पत्त्यावर जाताहेत.

आजी


२ मे

पोरी,

या वेळी पूर्ण पान लिहिलंस. मला वाटलं शिव्या असतील. चष्मा लावून तयारीत बसले. आणि तू लिहितेस पंख्याबद्दल.

"आजी, तू झोपली नव्हतीस. त्या दुपारी मला ताप होता. मी आतल्या खोलीत खाटेवर होते. तू पंखा आणून माझ्या उशाशी लावलास. त्याला जळक्या तेलाचा वास येत होता. मला तो वास अजून येतो, ताप आला की येतो. घरात तो एकच पंखा होता ना?"

एकच होता.

हे तुला कळू नये म्हणून मी झोप घातली मध्ये. मला वाटलं, दहा वर्षांच्या पोरीला तापात काय आठवणार. विसरले की तू कुणाची नात आहेस.

तर ऐक. सहावा झाला आणि मी तुला बघायला आत आले. सकाळी अंग कोमट होतं, आता हात ठेववत नव्हता. डोळे उघडे आणि मला ओळखत नव्हतीस. मला म्हणालीस, "काकू, आजीला बोलवा." तुझी आई औषधाला गेली होती. मी शेडमध्ये गेले, इंजिनासमोरचा पंखा उचलला आणि तुझ्या उशाशी लावला. हात धुतले, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवायला लागले. तेवढ्यात मिस्त्री ओरडले, "झाला का सातवा?" नाही म्हटलं असतं तर म्हणाले असते, पोरीला ओला फडका ठेव आणि पंखा इकडे आण, गाडी सकाळी जायचीय. आणि मी आणला असता. त्यांच्या कामापुढे मी कधी बोलले नाही, बाकी सगळ्यापुढे बोलले. म्हणून म्हटलं, "झाला." जाऊन रेघ ओढली आणि तुझ्याजवळ येऊन बसले. संध्याकाळी ताप उतरला. तू पाणी मागितलंस. मला इतकं बरं वाटलं की मी रात्रभर गाढ झोपले. ती झोप मात्र खरी होती.

आता खबरदार. हे वाचून तू जर डोळ्यांना पदर लावलास, ओढणी म्हणा, काय वापरत असशील ते, तर मी एकशे ऐंशी किलोमीटर चालत येऊन कानाखाली वाजवीन. ताप तू मागून घेतला नव्हतास. पंखा तू मागितला नव्हतास. रेघ तर तू मारलीच नव्हतीस. दहा वर्षांच्या लेकराला ताप येतो, तेवढंच त्याचं काम. पंखा हलवला याचं मला त्या दिवशीही वाईट वाटलं नाही, आज पुन्हा हलवीन. "झाला" म्हटलं, तेवढं एक माझं आहे. ते मी कुणाला वाटून देणार नाही. अर्धंही नाही.

तू विचारतेस, आजोबांना हे माहीत आहे का. नाही. तुला सांगितलं ते कागदावर. तोंडानं सांगायचं म्हणजे ते समोर असणार.

आणि विचारतेस, रेघा अजून आहेत का. माहीत नाही. त्या दिवसानंतर मी रेघांकडे न बघता त्या दाराला आतून गोणपाट लटकवलं आणि कुलूप घातलं. दुपारी आवाज आला तरी मी आत जात नाही. कान लावून बसते. सहा होतात. मग जी शांतता पडते तिच्यात मला भांडी घासवत नाहीत. कुणीतरी हात पुढे करून थांबल्यासारखं वाटतं.

आजी


९ मे

पोरी,

काल मी शेड उघडली.

तू विचारलंस म्हणून. नाहीतर माझी काही हिंमत नव्हती, उगाच वाघीण समजू नकोस. दुपारी सहावा झाला, शांतता पडली आणि मी किल्ली घेतली. कुलूप गंजलेलं, तेल सोडलं तेव्हा उघडलं. गाडी आपल्या जागी. धूळ एवढी की टाकीचा रंग सांगता येत नाही. मी इंजिनाला हात लावला. कोमट होतं. पत्रा तापतो, शेड तापते, लोखंड तापतं, मला सगळं कळतं. तरी मी हात लवकर काढला नाही.

मग गोणपाट काढलं.

रेघा आहेत. सातही आहेत. मला वाटलं होतं की मी सातवीकडे बघेन आणि संपेन, पण संपण्याआधी मला भलतंच दिसलं.

तुला माहीत नसेल. प्रत्येक तावानंतर मी सिलिंडरच्या सांध्यावर अंगठा फिरवून बघायचे, तेल गळतंय का. आणि त्याच हातानं खडू धरायचे. त्यामुळे प्रत्येक रेघेच्या डोक्यावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा. सातवी रेघ ओढताना माझे हात धुतलेले होते, तुझ्या कपाळावर घड्या ठेवायला. सातवीला ठसा असायलाच नको.

आहे. काळा, ठसठशीत. माझ्या दुप्पट मोठा, आणि मध्ये तिरकी चीर. मिस्त्रींचा अंगठा तरुणपणी चेनमध्ये सापडला होता. ती चीर मी पंचावन्न वर्षं भरलेल्या ताटाशेजारी बघते आहे.

मी तशीच बाहेर आले. मिस्त्री खुर्चीत.

"सातवीवर अंगठा तुमचा आहे."

त्यांनी मान शेडकडे वळवली. मग म्हणाले, "उघडलीस का शेड. बरं केलंस. वारा लागू दे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याला आणला त्याच दिवशी. दारावर बघितलं, सातवी कोरी. तू काळ्या हाताशिवाय कधी रेघ मारली नाहीस. सूनबाई मोजायला येणार हे मला माहीत होतं, तिलाही ती खूण ठाऊक होती. तिच्याआधी मी गेलो."

"आणि तेरा वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? पिस्टन घट्ट मीच बसवला होता."

"तुम्ही कायम घट्टच बसवायचात!"

"मग? कधीतरी धरणारच होता कुठलातरी." डोळे पुसले नाहीत की काही नाही, नुसतं पायावरचं पांघरूण सारखं केलं. "आणि शिव्या खायला मी बरा. तुला कुणी दिल्या असत्या तर तू उलट दिल्या असत्यास, प्रकरण वाढलं असतं. घरात एकाला तरी चूल पेटवायचं सुचायला हवं होतं."

मी म्हटलं, "नात तुटली ना त्यात तुमची."

त्यावर त्यांची बोटं अशी मिटली. तू पाळण्यात असताना त्यांचं बोट धरायचीस, सोडायचीच नाहीस, म्हणून त्यांनी तुझं नाव पक्कड ठेवलं होतं. तसंच काहीतरी धरल्यासारखी मिटली.

तीनशे वीस झाले का?

मी आता समजावत नाही. तोंडानं सांगायचं होतं ते सांगून झालं, उलट मलाच ऐकावं लागलं. त्यांनी ऐकवलं तेही मी तुला लिहून टाकलं. माझ्याकडे आता एकही गोष्ट लपवलेली उरली नाही, फार हलकं आणि फार विचित्र वाटतंय, दागिने काढून ठेवल्यावर मान वाटते तसं.

येणार असशील तर वाटेत दोनदा थांब. बोटं क्लचवर.

आजी


२४ मे

पोरी,

पोचल्याचा तुझा निरोप आत्याकडून मिळाला. माझा फोन आता उचलशील असं म्हणाली होतीस, म्हणून मी मुद्दाम केला नाही. सवय मोडायची नाही एकदम.

तू गेल्यापासून मिस्त्री सारखं तेच सांगताहेत, जसं काही मी तिथे नव्हतेच. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली तेव्हाच म्हणाले होते, "नवी आहे. चालवणारा शहाणा आहे, वेग सोडतोय, धरतोय." मी म्हटलं, "शहाणा नाही, शहाणी." तर खुर्चीत एकदम ताठ बसले आणि मला म्हणतात, "माझा सदरा बदल." त्या माणसानं लग्नात सदरा बदलायला मागितला नव्हता.

पाचशे सहा झाले होते. सहा कुठे जास्त लागले, ते मला माहीत आहे. गल्लीच्या टोकाला तू तीन वेळा वळलीस. दूधवाल्यानं सांगितलं. माझ्यापासून काही लपत नाही.

मला वाटलं होतं, तू काहीतरी बोलशील. मोठं. मी पदर हातात घेऊन तयार होते. तू अंगणात गाडी लावलीस, हेल्मेट काढलंस, त्यांच्याकडे बघितलंस आणि तेरा वर्षांनी पहिलं वाक्य म्हणालीस, "गरम आहे अजून. आत्ताच सोडायचं का तेल?"

आणि ते म्हणाले, "गरम असतानाच सोडायचं. नट पुसून घे आधी, पक्कड."

बस्स. त्यानंतर तासभर तुम्ही दोघं नट, वॉशर आणि तेल याशिवाय कशावरही बोलला नाहीत. मी चहा आणला तर मलाच बाजूला हो म्हणालात, उजेड अडतोय म्हणून. ते तेल चिमटीत घेऊन किती वेळ चोळत बसले होते. मला वाटलं, आता सोडतात की नाही. "बारीक आहे," म्हणाले. "नीट चालवलीस." मग तुझा अंगठा धरून त्याला ते तेल लावलं आणि चोळायला लावलं. तुला वाटलं कणी दाखवताहेत. कणीच दाखवत असतील.

आता तू गेल्यावरचं.

मला वाटलं होतं, तू येऊन गेलीस की शेड गप्प होईल. झाली नाही. तू गेलीस त्याच दुपारी चालू. एक, दोन, तीन. मिस्त्री खुर्चीत, मी चुलीपाशी, दोघंही मोजत, दोघंही न मोजल्यासारखं. चार वाजता सहावा संपला. टिक, टिक, टिक. मग ती शांतता.

मी पंखा घेतला. तोच आहे अजून, जाळी वाकलेली. मिस्त्री म्हणाले, "कुठे निघालीस?" मी म्हटलं, "राहिलंय." त्यांनी अडवलं नाही. म्हणाले, "अर्धा तास पूर्ण कर."

शेडमध्ये जाऊन पंखा इंजिनासमोर लावला. किक मारायचा प्रश्नच नव्हता. स्टूल घेतलं आणि बसले. पंख्याची हवा त्या लोखंडावर जात होती आणि तिथून वळून माझ्या तोंडावर येत होती, तेलाच्या वासाची. तू सांगितलास तो वास. मी अर्धा तास जागी बसले. एकदाही डोळा मिटला नाही. काय ऐकू आलं ते मी लिहीत नाही. काही गोष्टी माझ्याकडेही राहू देत. शेवटी उठून सांध्यावर अंगठा फिरवला. कोरडा निघाला.

खडू कोनाड्यातच होता. पण मी रेघ मारली नाही. फडका ओला केला आणि सातवी पुसली. खडू गेला. अंगठा राहिला, तेल पाण्यानं जात नाही. साबण लावून बघावा असं एकदा मनात आलं, मग म्हटलं, असू दे.

दुपारी अजून ऐकू येतं. सहा. मग मी पंखा घेऊन जाते. मिस्त्री घड्याळ बघतात.

तुझं तेल बदलून झालं, हजार होतील, शोरूमवाला सांगेल की रनिंग संपलं, आता निवांत पळवा. त्याला हो म्हण, पण बोटं क्लचवरून काढू नकोस. हजाराला नाही, दहा हजाराला नाही. आपल्या दारावर सहाच रेघा आहेत.

आजी